3018 वर बिट खाली सरकतंय, सागवानी पाटी वाया गेली

पाटीवाला_सांगली
नमस्कार मंडळी. घरच्या 3018 वर, म्हणजे संगणकाच्या फाईलवर चालणाऱ्या छोट्या कोरणी यंत्रावर, दारावरच्या पाट्या कोरतो. 775 मोटर, तिच्यावर ईआर11 चा दांडा (टोकाला नट, त्याच्या आत बिट पकडणारी चिरा पाडलेली नळी, म्हणजे कॉलेट), बिट म्हणजे कोरायचं पातं 3.175 मिमीचं, भुसा वर काढणारं. परवा एका गिऱ्हाइकाची ‘मातृछाया’ लावली. ‘मा’ बरोब्बर 2 मिमी खोल, झकास. ‘छा’ला तीनच्या आसपास, आणि शेवटच्या ‘या’चा काना साडेचार! व्हर्नियर लावून मोजलं. नट तर मी जीव खाऊन आवळतो. फाईलमध्ये खोली सगळीकडे सारखीच आहे. कुठं चुकतंय?

हौशी_सुतार
माझंही व्हायचं असं. बिटला स्वयंपाकघरातल्या फॉईलचा एक वेढा द्या, गच्च बसतं.

टूलरूमचा_म्हातारा
फॉईल काढा आधी! कॉलेट बिटला सगळ्या बाजूंनी सारखं दाबतं, म्हणून बिट मधोमध राहतं. फॉईलच्या जोडापाशी जाडी दुप्पट झाली की टोक डुगडुगायला लागतं. बारीक बिट असेल तर मोडतंच. आमच्याकडे पोरानं असं केलं असतं तर त्याला आठवडाभर नुसतं झाडायला लावलं असतं.

पाटीवाले, आधी सरकतंय काय ते बघा. पक्क्या मार्करनं कॉलेटच्या तोंडाशी बिटवर एक रेघ मारा. दुसरी रेघ दांडा मोटरच्या शाफ्टवर बसतो तिथं, दोन्हीवर मिळून. तिथले ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे बारीक स्क्रू) ढिले झाले तर अख्खा दांडाच खाली येतो. तिसरी झेडच्या, म्हणजे वर-खाली सरकवणाऱ्या मोटरच्या, कपलरवर (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा). मग टाकाऊ तुकड्यावर तेच अक्षर कोरा आणि बघा कुठली रेघ हलली.

माझा संशय पहिल्या जागेवर. भुसा वर फेकणारं बिट स्क्रूसारखं स्वतःला लाकडात ओढून घेतं. पकड कमी पडली की ते खालीच येणार. तुमची खोली वाढतच गेली, मध्ये कुठं कमी झाली नाही.

आता सांगा, नट काढल्यावर कॉलेट नटाबरोबर हातात येतं का दांड्यातच बसून राहतं?

पाटीवाला_सांगली
दांड्यातच राहतं. बिट धरून हलवून हलवून काढतो. का हो?

टूलरूमचा_म्हातारा
सापडलं मग. तुम्ही कॉलेट दांड्यात टाकता आणि वरून नट फिरवता. उलटं करायचं. नटाच्या आत एक कडा असते, ती मधोमध नसते, जरा एका अंगाला असते. कॉलेट तिरकं धरून त्याची खाच त्या कडेत घालायची आणि दाबायचं. टिक् आवाज येतो. मग ते नटातून पडत नाही. नट दांड्यावर नुसता टेकवायचा, मग बिट घालायचं, मग आवळायचं. बिट नसताना नट कधी आवळू नका, कॉलेट कायमचं चेपतं.

दुसरं, सागाला तेल असतं. त्याचा भुसा कॉलेटच्या चिरांत जाऊन चिकटतो. ब्रश आणि थिनरनं चिरा, भोक आणि बाहेरचा उतार, सगळं कोरडं होईपर्यंत पुसा. तेल लावायचा मोह टाळा. बिट कॉलेटच्या निदान दोन तृतीयांश लांबीपर्यंत आत हवं. आणि 2 मिमी एका दमात? त्या मोटरला सागवानात अर्धा अर्धा मिमीच द्या.

पाटीवाला_सांगली
केलं सगळं. जुन्या पद्धतीनं कोरलं तर बिटवरची रेघ सव्वा मिमी खाली आली, बाकी दोन्ही जागच्या जागी. कॉलेटच्या चिरांतून चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी निघालं. मग टिक् करून बसवलं आणि अर्ध्या अर्ध्यानं चार फेऱ्यांत कोरलं. शेवटच्या कान्यापर्यंत 2 मिमी, रेघ हलली नाही.

एक मात्र झालं. काढताना नट ढिला झाला आणि अर्ध्या वेढ्यात परत घट्ट लागला. आटे गेले म्हणून घाबरलो.

टूलरूमचा_म्हातारा
तसाच लागायला हवा. ती कडा कॉलेटला ओढून बाहेर काढते, तेव्हाचा तो जोर. परत एकदा पाना लावा, येतो सुटून.

पाटीवाला_सांगली
आला. ‘मातृछाया’ आता फळी उलटी करून मागच्या बाजूला कोरतोय. गिऱ्हाइकाला भिंतीकडची बाजू दिसणार नाही म्हणा.