पट्टी मनगटावरच हवी

एका ताईंनी लिहिलंय की पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवर बारकोड आला आणि औषध देताना तो स्कॅन केला म्हणजे औषधांची अदलाबदल संपली. निम्मं पटलं. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास 2010 साली छापून आला. बारकोड लावल्यावर औषध देताना होणाऱ्या चुका (वेळेच्या चुका सोडून) 11.5 टक्क्यांवरून 6.8 वर आल्या. कमी झाल्या, संपल्या नाहीत.

आमच्या बेळगाव भागात तर याची गरज जास्तच. गेल्या वर्षी सासऱ्यांना ॲडमिट केलं होतं. वॉर्डात दोन मारुती पाटील, एक खानापूरकडचे, एक आमचे. केसपेपर कन्नडमध्ये, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत आणि सिस्टर हाक मारणार, "पाटील कोण?" दोघंही "ओ" देणार! मनगटावरच्या आकड्याला भाषा नसते, हा मोठा फायदा.

पण तिथंच एक गंमत बघितली. हात पांघरुणात, पट्टी घामानं चुरगळलेली, स्कॅन होईना. मग सगळ्या पेशंटांचे जादा बारकोड एका कागदावर चिकटवून टेबलावर ठेवलेले, तिथूनच स्कॅन. मशीन खूश, पेशंट कुठला का असेना. सिस्टरना तरी काय बोलायचं, रात्रपाळीला एकटीच होती बाई.

बारकोडऐवजी पट्टीत रेडिओ टॅग (रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी छोटी चिप) घातला तर तो पांघरुणातूनही वाचता येतो, खरं. पण धातू आणि पाण्याजवळ तो अडखळतो, सलाईनची बाटली म्हणजे पाणीच की. शिवाय 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचण्यांत काही टॅग-रीडरमुळे व्हेंटिलेटर, सिरिंज पंप बिघडलेले दिसले. आयसीयूत लावण्याआधी तिथल्याच यंत्रांजवळ तपासून घ्यावं लागतं.