पहिलं किट: तयार घ्यावं की सुटे भाग?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आर्डुइनो ऊनोचं (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) तयार किट घेऊ की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांतून सुटे भाग? सोल्डरिंग (भाग डाग देऊन जोडणं) आत्ताच नको.

उत्तर १: सुटेच घ्या. किटात सेन्सरांची जत्रा आणि रेझिस्टर मोजके, असं असतं. ऊनो बोर्ड, ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचून जोडायची पाटी), २२० ओहम आणि १० के (१० हजार ओहम) रेझिस्टर प्रत्येकी २०, एलईडी १०, पुश बटणं ४, एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) १, जंपर वायरी. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद.

उत्तर २: केबल डेटावाली मागा. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरवर बोर्डाचा पोर्ट दिसत नाही. बोर्डावर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असेल तर कॉम्प्युटरवर तिचा ड्रायव्हर टाकावा लागू शकतो.

उत्तर ३: काही ब्रेडबोर्डांवर कडेची लाल-निळी रेघ (प्लस-मायनसची) मध्येच तुटलेली दिसते. तिथे आतली पट्टीही तुटक असते, म्हणून अर्धं सर्किट मेल्यासारखं वाटतं. दोन छोट्या वायरींनी सांधा. एलईडी थेट ५ व्होल्टला लावू नका. मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर लावला की लाल एलईडीतून साधारण १३ ते १४ मिलिअँपिअर जातो. लांब पाय प्लसला.

प्रश्नकर्ता: मल्टिमीटर कोणता?

उत्तर १: साधा चालेल, फक्त कंटिन्यूइटीला (जोड सलग आहे का हे तपासताना) बीप हवा. दुकानातच दोन्ही प्रोब टेकवून बघा.