प्लेटलेटसोबत पीसीव्हीही बघा

डेंग्यूत प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) लाखाच्या खाली आल्या की लगेच प्लेटलेटची पिशवी चढवावी, असं काही जण सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. रक्तस्राव नसेल तर डॉक्टर साधारण १० हजारांपर्यंत थांबतात. डेंग्यूत जास्त भीती असते ती गळतीची. केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, पाझरू लागतात, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर जातो आणि उरलेलं रक्त दाट होतं. हे प्लेटलेट मोजणाऱ्या त्याच सीबीसी या रक्ततपासणीत पीसीव्हीच्या, म्हणजे हिमॅटोक्रिटच्या ओळीत दिसतं: रक्तात लाल पेशींचं शेकडा प्रमाण किती. एरवी ४० असलेल्या माणसाचा ४८ झाला, तर ती २० टक्के वाढ, आणि प्लेटलेटही घसरत असतील तर ही गंभीर खूण.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडला माझा भाचा आजारी होता. ताप उतरला तशी ताई निर्धास्त झाली, पण डॉक्टरांनी नेमका तेव्हाच पीसीव्ही पुन्हा पुन्हा तपासायला लावला, कारण गळती बहुधा ताप उतरतानाच सुरू होते. म्हणून कळकळीने सांगतोय: ताप गेल्यावर पोट सतत दुखलं, उलट्या थांबेनात किंवा लघवी कमी झाली, तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.