कॉलेजच्या मुलांच्या लिखाणावर पीएचडी: एआयनंतर काही उरलंय का?

डिचोलीकर: नमस्कार, मी गोव्यात कॉलेजात इंग्रजी शिकवते. पीएचडीला पहिल्या वर्षाच्या मुलांचं लिखाण हा विषय घ्यायचा विचार आहे. आमची बहुतेक मुलं घरी कोंकणी बोलणारी, प्राथमिक मराठीतून आणि पाचवीपासून इंग्रजी. पण सगळे म्हणतात आता चॅटजीपीटी लिहून देतं, तू काय शोधणार? अमेरिकेत यावर बरंच काम झालंय, त्यातलं आज उपयोगाचं काय?

फोंड्याचा मास्तर: ताई, विषय अजिबात सोडू नका. तिकडेही आधी चुका मोजण्यावरच भर होता, मग १९७१ मध्ये संशोधक जॅनेट एमिग यांनी बारावीच्या मुलांना लिहिताना मोठ्यानं विचार करायला लावलं आणि लक्ष तयार पेपरावरून लिहिण्याच्या क्रियेकडे गेलं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७० ला प्रवेश खुले झाले, म्हणजे शाळा पास झालेल्या कुणालाही प्रवेश मिळू लागला, तिथं शिकवणाऱ्या मिना शॉनेसींनी सुमारे ४००० पेपर वाचून १९७७ मध्ये दाखवलं की चुकांमागे मुलांचं स्वतःचं लॉजिक असतं. आपल्या सत्तरी-पेडण्याच्या मुलांकडे असं कोणीतरी बघायलाच हवं, आपण गठ्ठे तपासतो आणि रद्दीत घालतो.

साखळीवाली: आणि "हल्लीच्या मुलांना लिहिता येत नाही" हे ऐकून घेऊ नका. अमेरिकेतल्या अँड्रिया लन्सफर्डबाईंचे कॉलेजच्या मुलांच्या निबंधांवर दोन अभ्यास आहेत, १९८८ आणि २००८ चे. शंभर शब्दांमागे चुका २.२६ होत्या त्या २.४५ झाल्या, म्हणजे जवळपास तेवढ्याच, पण निबंधाची सरासरी लांबी ४२२ शब्दांवरून १०३८ वर गेली!

मडगावकर: मी तर म्हणेन कच्चे ड्राफ्टच गोळा करा. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं खाणींवर निबंध लिहिला, पहिलं वाक्य "मायनिंग इज इम्पॉर्टंट फॉर गोवा", ते खोडून परत तेच वेगळ्या शब्दांत, आणि अगदी शेवटी दोन ओळी की २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हापासून बाबांचा ट्रक अंगणात उभा आहे. खरा निबंध तिथून सुरू व्हायला हवा होता, पण ती शब्दच बदलत राहिली. अमेरिकेतल्या संशोधक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये हेच मांडलं, नवशिके शब्द बदलतात, मुरलेले लेखक मांडणीच बदलतात. आता एआय पहिलाच ड्राफ्ट गुळगुळीत करून देतं, मग ही खाडाखोड होते कुठे आणि ती मुलगी त्या दोन ओळींपर्यंत पोचते का, पुढचं संशोधन मला तरी इथेच दिसतं.

डिचोलीकर: खूप आभार सर. मग वर्गात हातानं लिहून घेतलेलं आणि घरून टाइप करून आणलेलं, दोन्ही घेऊ का?

मडगावकर: दोन्ही घ्या, त्याच मुलांचं. लेखी परवानगी आधी घ्या आणि मार्कांशी संबंध नाही हे स्पष्ट सांगा, नाहीतर खाडाखोड लपवून फेअर कॉपीच देतील.