मदत हवी आहे: इंदूरमध्ये मुलांसाठी फिरती व्हिडिओ गेम स्पर्धा, गुण कसे मोजावेत?

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या मंडळात गणपतीत पाठांतर आणि चित्रकलेच्या जोडीला मुलांसाठी व्हिडिओ गेमची स्पर्धा घ्यायचं ठरलं आहे. ठरलं म्हणजे तरुण पोरांनी ठरवलं आणि कार्यकारिणी "बघू" म्हणाली. आमच्याकडे "बघू" ही निम्मी मंजुरी असते. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर आणि रामबाग अशा चार ठिकाणी तेच सामान दर संध्याकाळी हलवायचं, तिथले विजेते निवडायचे आणि शेवटच्या रविवारी अंतिम फेरी. सोबत जुन्या टीव्ही गेमचं छोटं प्रदर्शन.

कल्पना उचलली आहे निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या १९९० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपवरून. अमेरिकेत ती मार्चमध्ये डलासपासून सुरू झाली आणि २९ शहरं फिरली. हॉलमध्ये नव्या गेमचं प्रदर्शन, मुलांना मोकळं खेळायला यंत्रं, आणि मधोमध स्पर्धा. गट तीन: ११ वर्षांपर्यंत, १२ ते १७, आणि १८ च्या पुढचे. अंतिम फेरी डिसेंबरात हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत झाली. मला आवडला तो खेळाचा साचा. प्रत्येकाला ६ मिनिटं २१ सेकंद. आधी सुपर मारिओ ब्रदर्समध्ये ५० नाणी गोळा करायची, मग रॅड रेसरची एक शर्यत पुरी करायची आणि उरलेला सगळा वेळ टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचून आडवी ओळ भरली की ती पुसली जाते तो खेळ. शेवटी मारिओचे गुण जसेच्या तसे, रेसरचे १० पट, टेट्रिसचे २५ पट, आणि सगळ्यांची बेरीज.

माझी अडचण या बेरजेची आहे. मारिओत एका नाण्याचे २०० गुण, म्हणजे ५० नाण्यांचे १०,०००. टेट्रिसच्या नेहमीच्या निन्टेंडो आवृत्तीत पहिल्या पातळीवर एक ओळ पुसली तर ४० गुण, पण चार ओळी एकदम पुसल्या तर १,२००. त्याचे २५ पट ३०,०००! एका उभ्या दांडीने (चार चौकटींचा लांब ठोकळा) मारिओतली सगळी मेहनत तिपटीने झाकली. ज्याला हे आधी कळलं तो पहिले दोन खेळ कसेबसे उरकून टेट्रिसला बसणार. तिकडे हाच डावपेच होता हे मला मान्य आहे, पण आमच्याकडे आठ-नऊ वर्षांची पोरं येणार. त्यांना मारिओ आवडतो. टेट्रिसमध्ये ती ओळी एकेक करून पुसतात आणि खूश होतात.

गुणांची पद्धत काय ठेवू? शिवाय चार टीव्हींवर एका संध्याकाळी किती मुलं होतील, वीज गेली तर काय नियम, आणि प्रवेश फी घ्यावी का, हेही सांगा. मोबाइलवरचे गोळीबाराचे खेळ ठेवणार नाही, त्यावर चर्चा नको.

---

बडोदेकर: क्रमांकाने गुण द्या. प्रत्येक खेळात कोण पहिला, कोण दुसरा, आणि त्या क्रमांकांची बेरीज. ज्याची सगळ्यात कमी तो जिंकला. पटीची भानगडच नाही. आमच्या इथे एका सोसायटीत असंच केलं होतं, आजोबांनासुद्धा फळ्यावर बघून कळत होतं.

जुना_कॅसेटवाला (ग्वाल्हेर): बडोदेकर, एका जागी ठीक आहे, फिरत्या स्पर्धेत नाही. क्रमांक त्या संध्याकाळी कोण आलं यावर ठरतो. रामबागेत चार पट्टीचे खेळणारे आले तर पाचवा मुलगा चांगला असूनही मागे पडेल, आणि दुसरीकडे साधारण पोरगं पहिलं येईल. त्यामुळे दोन कॉलन्यांतल्या मुलांची तुलना करूच नका. १९९० मध्ये प्रत्येक शहराचा विजेता थेट अंतिम फेरीला जायचा. तुम्हीही प्रत्येक ठिकाणच्या प्रत्येक गटातून दोघं घ्या आणि मोकळे व्हा.

गुणांसाठी माझं मत असं. स्पर्धेत नसलेल्या चार मुलांना आधी खेळवा आणि प्रत्येक खेळाचा एक ठरीव आकडा काढा. तो आकडा म्हणजे १०० गुण. कोणी त्याच्या दीडपट केलं तर १५०, निम्मं केलं तर ५०. तीन खेळांची बेरीज करा. लहान आणि मोठ्या गटाचे आकडे वेगळे ठेवा. मारिओत गुण मोजूच नका, ५० नाण्यांना किती सेकंद लागले ते मोजा. तिथे वेळ कमी तेवढे गुण जास्त. आकडे स्पर्धेच्या आधी फळ्यावर लिहून लावा, नंतर बदलू नका. पालक वाद घालतात तो नेहमी नंतर बदललेल्या नियमावर.

टेट्रिसमध्ये दांडी कधी येईल हे नशीब असतं आणि सहा मिनिटांत ते निस्तरायला वेळ मिळत नाही. शक्य असेल तर टेट्रिसचे दोन डाव द्या आणि त्यातला चांगला धरा.

धागाकर्ता: ठरीव आकड्याची कल्पना एकदम पटली. पण दोन डाव दिले तर वेळ कुठून आणू?

जुना_कॅसेटवाला: साडेसहा मिनिटांचा खेळ म्हणजे नाव पुकारणं, आई फोटो काढते, कंट्रोलर पुसणं धरून दहा मिनिटं. तीन तासांत एका टीव्हीवर १८ मुलं, चार टीव्हींवर ७२. दोन डाव दिलेत तर ५० च्या आत थांबा. आरतीची वेळ सोडून हिशोब करा हं. आमच्याकडे कार्यक्रमाची वाट नेहमी आरती लावते, म्हणजे आरतीच्या नंतरचा प्रसाद.

आणखी एक. चारही टीव्हींना एकाच जातीचं यंत्र लावा. बाजारात मिळणाऱ्या नकली यंत्रांपैकी काही जरा हळू चालतात. एकच तुकडा चारही ठिकाणी खेळून स्टॉपवॉचने मोजून बघा. नव्या सपाट टीव्हीवर बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडी मारतो, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. प्रदर्शनात डक हंट या बदकं टिपायच्या खेळाची बंदूक ठेवणार असाल तर जुना डबा टीव्हीच लागेल, एलसीडीवर ती चालत नाही.

आई_सुदामानगर: दादा, मी विरोधी पक्षातली. घरी मुलाच्या हातून फोन काढून घेते आणि मंडळात बसून गेम खेळ म्हणू का? पण टोकन पद्धत असेल, एका मुलाची एकच पाळी असेल आणि बाकी वेळ त्याने प्रदर्शन बघावं असं असेल तर मी स्वतः नोंदणीला बसते. नोंदणीच्या कागदावर पालकांची सही घ्या. फोटो इंस्टावर टाकायचे का, हेही त्यातच विचारा. आणि एक गट आईबाबांचाही ठेवा. आमच्या ह्यांना मारिओच्या गुप्त पाइपा अजून तोंडपाठ आहेत, भाजी काय आणायची ते नाही.

सराफ्यातला: फी नकोच भिया. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा झाला तो पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्यात मान्यता आहे. तुमचं तर सगळं हॉलमध्ये, इंटरनेट नाहीच. तरी पोरांकडून शंभर-शंभर रुपये घेऊन त्यातूनच रोख बक्षीस दिलं की लोक बोट दाखवणार. बक्षीस देणगीदाराकडून घ्या आणि वस्तू द्या. सायकलवाला, पुस्तकवाला, कोणी ना कोणी देतो.

वीज: गणपतीत इंदूरला पाऊस असतोच. प्रत्येक यंत्राला यूपीएस लावा, आणि टीव्हीला विसरू नका. यंत्र चालू राहून टीव्ही बंद झाला तर पोराचा मारिओ आंधळा होऊन खड्ड्यात जातो. नियम एकच ठेवा: वीज गेली तर तो डाव रद्द आणि त्या मुलाला लगेच नवा. अर्ध्यातून पुढे नाही.

बडोदेकर: जुनी यंत्रं जमली नाहीत तर आणखी एक वाट आहे. निन्टेंडोनेच जुलै २०२४ मध्ये आपल्या स्विच या यंत्रासाठी याच स्पर्धेच्या नावाचा गेम काढला. त्यात १३ जुन्या खेळांतले छोटे छोटे तुकडे घड्याळावर खेळायचे असतात आणि एका वेळी आठ जणांना खेळता येतं. टेट्रिस आणि रॅड रेसर मात्र त्यात नाहीत. भारतात स्विच अधिकृतपणे विकत नाहीत, म्हणून ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून मागून आणावं लागेल. सगळे एकदम खेळतात, त्यामुळे रांग पटकन सरकते.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. ताई, नोंदणीचं टेबल तुमचं, आईबाबांचा गटही ठेवतोय. ठरीव आकडा काढायला पुढच्या आठवड्यात चार पोरं बसवतो. रॅड रेसर हाती लागत नसेल तर त्याऐवजी गाडीचा कुठला जुना खेळ लहानांना जमेल? एक्साइटबाइक हा मोटरसायकलचा खेळ चालेल का, की त्यात इंजिन तापतं तिथे पोरं अडकतील?

जुना_कॅसेटवाला: चालेल. इंजिन तापणं दोनदा सांगितलं की कळतं. पहिली शर्यत ठेवा, आणि रांगेत उभ्या असलेल्यांसाठी सरावाचं एक यंत्र बाजूला ठेवा. हल्लीच्या मुलांना स्क्रीनवर बोट फिरवायची सवय असते. मारिओत बी बटण दाबून धरून ए ने उडी मारायची, हे बोटांना शिकवायला पाच मिनिटं जातात, आणि ती पाच मिनिटं घड्याळाच्या बाहेर गेलेली बरी.