जिप्सीला टर्बो: खालचं इंजिन फोर्ज्ड करायचं आहे, बजेट दीड लाख

वरूडचा_संत्रेवाला:
गाडी जिप्सी किंग, एमपीएफआय, १२९८ सीसी. फक्त ऑफ-रोड स्पर्धेसाठी ठेवली आहे. टर्बो घरात येऊन पडला आहे, ०.७ बार बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) द्यायचा विचार आहे. आंबिया बहाराच्या पैशातले दीड लाख वेगळे काढले, याच्यावर गेलो तर घरात जेवण मिळणार नाही. क्रँक, रॉड, पिस्टन तिन्ही फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) घ्यावे लागतील का? ब्लॉक या आठवड्यातच परतवाड्याला बोअरिंगला (सिलिंडर कापून मोठा करायला) टाकतो म्हणतो.

अकोटचा_लेथवाला:
थांब बाबू, ब्लॉक कायले टाकून राह्यला? पिस्टन हातात आले काय? पयले पिस्टन, मंग बोअर. प्रत्येक पिस्टनचं माप घ्यायचं अन् बोअर त्याच्यावर ठेवायचा.

क्रँक यादीतून काट. घरचाच ठेव, फक्त मॅग्नाफ्लक्स करून चीर पाहून घे अन् पॉलिश मार. पैसा रॉड, पिस्टन अन् रॉडच्या बोल्टमंदी टाक. पिस्टन २६१८ मिश्रधातूचे असले तर तापल्यावर जास्त फुगतात. आपल्याकडचा मिस्त्री सवयीनं पिस्टन अन् बोअरच्या मंदात कंपनीच्या पिस्टनएवढीच जागा सोडते, मंग पयल्याच चढावर इंजिन धरते. म्हनून पिस्टनच्या डब्यातला कागद त्याच्या टेबलावर ठेव अन् बोअरगेजनं मोजताना तिथंच उभा राह्य. मिस्त्री चिडते, चिडू दे. सकाळी थंड इंजिन थोडं खडखडन, ते चालते.

पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली गॅप ७४ मिमीच्या बोअरले ०.३५ मिमीच्या आसपास लागन, पक्का आकडा त्याच कागदावर पाह्य. कमी ठेवली तर तापल्यावर टोकाले टोक भिडते अन् पिस्टनची लँडच (रिंगच्या खाचांमधली कडा) तुटते. सुझुकी स्विफ्ट जीटीआयचे पिस्टन स्वस्तात भेटले म्हनून उचलू नको. त्याचं हेड वेगळं, व्हॉल्व्हच्या खाचा जुळतीनच असं नाही. पिस्टनवर क्ले (मऊ माती) ठेवून इंजिन हाताने फिरव अन् व्हॉल्व्हले किती जागा राह्यते ते पाह्य.

नागपूर_ट्यूनर:
लेथवाले भाऊ बरोबर सांगतात, पण बूस्ट ०.४ वर ठेवलास आणि ट्यूनिंग नीट केलंस तर कंपनीचं खालचं इंजिनही टिकतं. पिस्टन बहुतेक वेळा नॉकिंगने (सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकून) फुटतात, आणि फोर्ज्ड घातले म्हणून नॉकिंग थांबत नाही. मे महिन्यात वरूडला ४५ अंशांची हवा ०.७ बारला दाबली की टर्बोतून १२० अंशांच्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलरचे पैसे आधी बाजूला काढ. कॉम्प्रेशन कमी करायला दोन गॅस्केट एकावर एक टाकायचा उद्योग इकडे फार चालतो. तो नको, स्क्विश (पिस्टन वर आल्यावर हेडशी उरणारी बारीक फट) बिघडतो आणि नॉकिंग उलट वाढतं. खोलगट पिस्टन घे. इंजेक्टरही मोठे लागतील.

वरूडचा_संत्रेवाला:
म्हणजे ब्लॉक परत गाडीत टाकतो आणि आधी पिस्टन मागवतो. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावूनच करा असं वाचलं, परतवाड्यात कोणाकडे असेल का?

अकोटचा_लेथवाला:
या इंजिनची कोणाकडेच नसन. जाड लोखंडी प्लेट घेऊन ये, जुन्या हेड गॅस्केटवरून भोकं पाडून देतो. हेडचे बोल्टही आण, ज्या टॉर्कवर हेड बसवशील त्याच टॉर्कवर प्लेट आवळू. गुरुवारी येऊ नको, लाइन बंद राह्यते.