समुद्रावरच्या बर्फाच्या तळाशी तो तपकिरी थर कशाचा?

निळीशाई:
ध्रुवीय समुद्रात बर्फ फोडत चाललेल्या जहाजाचं चित्रण पाहत होतो. जहाजाच्या वजनाखाली एक मोठी लादी मोडली, कलली आणि उलटी झाली. तिची खालची बाजू वर आली ती चहा सांडल्यासारखी तपकिरी. गाळ म्हणावा, तर तिथे समुद्राचा तळ तीन-चार किलोमीटर खाली. निवेदक ‘शैवाल’ एवढंच म्हणून पुढे गेला आणि मी तिथेच अडकलोय. भरीव बर्फात शैवाल शिरतं कसं? महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, तेव्हा ते कशावर जगतं? आणि उन्हाळ्यात लादीच वितळली की त्याचं काय होतं? कुणी सविस्तर सांगेल का?

खारवाट:
तुम्ही पाहिलंत ते शैवालच, आणि त्यात बहुतेक डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शैवाल. मी दोन वसंत ऋतू अशा बर्फाचे गाभे काढण्यात घालवले आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

पोकळ गिरमिटाने वरपासून तळापर्यंत बर्फाचा दंडगोल कापून काढतात, तो गाभा. वर पांढरा, मध्ये राखाडी काचेसारखा, आणि शेवटची तीन-चार बोटं तपकिरी. गाभा उचलला की त्यातून खारं पाणी ठिबकायला लागतं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या ठिबकण्यात आहे: हा बर्फ भरीव नसतोच.

समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. पाण्याचे स्फटिक बनताना मिठाला आत जागा नसते. ते बाहेर ढकललं जातं आणि स्फटिकांच्या मधल्या फटींत दाट मिठवणी होऊन साचतं. काही खाली समुद्रात झिरपते, उरलेली बारीक नळ्यांमध्ये आणि कप्प्यांमध्ये अडकते. जिवाणू आणि शैवाल राहतात ते या मिठवणीत, बर्फात नव्हे.

ते आत येतात शरद ऋतूत. वाऱ्याने घुसळलेल्या पाण्यात बर्फाच्या बारीक सुया तयार होतात आणि वर तरंगत येतात. येताना वाटेतल्या पेशी त्यांना चिकटतात, त्यातही अंगाभोवती चिकट द्रव्य असलेल्या जास्त. त्यामुळे कोवळ्या बर्फात कित्येकदा खालच्या पाण्यापेक्षा दाट वस्ती सापडते.

मग हिवाळा. इथे माझं एक ठाम मत आहे. ‘हिवाळ्यात सगळं झोपतं’ असं लिहिलेलं वाचलं की मला राहवत नाही. लादीचा माथा हवेमुळे उणे वीस-पंचवीसला जातो, तळ मात्र समुद्राला टेकलेला म्हणून उणे १.८ लाच राहतो. दीड मीटर जाडीत इतका फरक! जितकी थंडी जास्त, तितकं पाणी गोठून बाजूला होतं आणि उरलेली मिठवणी दाट होत जाते. समुद्राच्या एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं. उणे दहाला मिठवणीत त्याच्या चौपट असतं, उणे वीसला किलोमागे २०० ग्रॅमच्याही वर. जागाही आक्रसते. द्रवाचा वाटा ५ टक्क्यांच्या खाली गेला की नळ्यांचा एकमेकींशी संबंध तुटतो. सर्वसाधारण बर्फात हे उणे पाचच्या आसपास होतं. म्हणजे वरच्या थरातला जीव अंधारात, तिखट खारटपणात, बंद खोलीत अडकतो.

तरी सगळे मरत नाहीत. आर्क्टिकच्या हिवाळी बर्फात उणे वीस अंशालासुद्धा काही जिवाणू सक्रिय सापडले आहेत. कोलवेलिया सायक्ररिथ्रिया नावाच्या जिवाणूचा एक वाण उणे दहाला पोहताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला आहे. या पेशी अंगाभोवती बुळबुळीत शर्करायुक्त लेप सोडतात, स्फटिकांची वाढ रोखणारी प्रथिनं बनवतात, मिठाशी तोल सांभाळायला पेशीत लहान रेणू साठवतात, आणि पेशीचं पटल ताठू नये म्हणून त्यातली मेदाम्लं बदलतात. डायटम चयापचय अगदी मंद करून साठवलेल्या मेदावर आणि शर्करायुक्त साठ्यावर दिवस काढतात. मंद, पण बंद नाही.

प्रकाश परत यायला लागला की त्यांना फारसा लागतही नाही. मोझाइक या आर्क्टिक संशोधन मोहिमेत जहाज २०१९ च्या शरदापासून बर्फात मुद्दाम गोठवून ठेवलं होतं. मार्च २०२० च्या शेवटी, ध्रुवीय रात्र संपून थोडेच दिवस झालेले, वर बर्फ आणि त्यावर हिम, आणि खालच्या पाण्यात सूक्ष्मशैवालाची वाढ सुरूही झालेली होती. मिळणारा प्रकाश भर उन्हाच्या सुमारे एक लक्षांश. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा चुकलाय असं वाटून पान पुन्हा उघडलं होतं.

वसंतात तळाचा थर फुलतो, कारण तिथे ऊब आहे, नळ्या उघड्या आहेत आणि खालून समुद्र नायट्रेट, सिलिकेट पुरवत राहतो. उजेड किती पोचणार हे बर्फाच्या जाडीपेक्षा वरच्या हिमावर जास्त ठरतं. वाऱ्याने हिम उडवलेल्या जागी एक गाभा आणि दहा पावलांवर ढिगाऱ्याखालचा दुसरा, दोघांचे तळ शेजारी ठेवले की वेगळ्या समुद्रांतून आणल्यासारखे दिसतात.

उन्हाळ्याचं रात्री लिहिते.

जुनीपाने:
तोवर थोडा इतिहास. हा रंग पहिल्यांदा मनावर घेणाऱ्यांपैकी एक जोसेफ डाल्टन हूकर. जेम्स क्लार्क रॉसच्या १८३९ ते १८४३ च्या दक्षिण सफरीवर तो जहाजाचा साहाय्यक वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होता, वयाने विशीतला. तपकिरी बर्फ डायटमांमुळे आहे हे त्याने ओळखलं आणि नमुने बर्लिनला सूक्ष्मजीवांचा अभ्यासक एरेनबर्ग याच्याकडे तपासायला गेले. अर्धशतकानंतर नॉर्वेच्या नान्सेनचं जहाज ‘फ्राम’ १८९३ ते १८९६ आर्क्टिक बर्फासोबत वाहत होतं, तेव्हा त्यानेही सूक्ष्मदर्शक लावून हेच जीव पाहिले.

निळीशाई, तुमचं जहाज उत्तरेचं होतं की दक्षिणेचं? अंटार्क्टिकात अनेक ठिकाणी हिम एवढं साचतं की त्याच्या भाराने लादी पाण्याखाली दबते, समुद्र वरून हिमात शिरतो आणि तपकिरी थर वरच्या बाजूलाही तयार होतो. त्यामुळे तिथल्या लादीवर वरचा पट्टाही बघायला हवा.

निळीशाई:
उत्तरेचं. आणि पट्टा तळाशीच होता, आताच पुन्हा थांबवून पाहिलं. एका कडेला शेवाळी केसांसारखं काहीतरी लोंबतंय. तेही डायटमच का?

खारवाट:
बहुधा मेलोसिरा आर्क्टिका. तोही डायटमच, पण पेशीला पेशी जोडून माळा करतो आणि त्या लादीखाली कित्येकदा मीटर-मीटर लांब लोंबतात. ते तुम्हाला दिसलं याचा मला फार आनंद झाला.

आता उन्हाळा. हिम वितळतं, गोडं पाणी नळ्यांतून खाली उतरतं, तळ सुटा होतो आणि थर गळायला लागतो. काही वाटा कॅलॅनस ग्लेशियालिससारख्या वल्हेपायी (कोपेपॉड) या इवल्या तरंगत्या जीवांच्या पोटात जातो. त्यांच्या माद्यांना अंडी घालायला वसंतातलं हे अन्न कामी येतं. दक्षिणेत कोळंबीसारख्या क्रिलची पिल्लं हिवाळ्यातही बर्फाचा तळ खरवडून खातात. उरलेलं बुडतं. २०१२ च्या उन्हाळ्यात, आर्क्टिक बर्फ तोवरच्या नोंदींत सगळ्यात कमी झाला त्या वर्षी, ‘पोलारस्टर्न’ या संशोधन जहाजावरच्या चमूला ३,००० मीटरहून खोल तळावर मेलोसिराचे गोळे पसरलेले दिसले. समुद्रकाकड्या आणि सर्पतारे ते खात होते. सगळं मात्र बुडत नाही. काही पेशी पाण्यात किंवा टिकून राहिलेल्या बर्फात उरतात आणि शरदात पुन्हा सुयांना चिकटतात.

निळीशाई:
एक शेवटचं. मोजता कसं? बर्फ वितळवल्याशिवाय मोजता येणार नाही, आणि वितळवला की मिठवणीच जाते.

खारवाट:
हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला असता तर बरं झालं असतं. मी गाभे तसेच वितळू दिले. ३५ च्या खारटपणात राहणाऱ्या पेशी अचानक ५ च्या पाण्यात आल्या. डायटमांना सिलिकाचं कवच असतं, बरेच टिकले. कवच नसलेले नाजूक कशाभिकाधारी, म्हणजे शेपटीसारख्या धाग्याने पोहणारे एकपेशीय जीव, फुटून गेले. माझ्या तक्त्यात ते जवळजवळ नव्हतेच आणि मी ते खरं मानलं. त्या हंगामाची ती मोजणी मला बाजूला ठेवावी लागली, त्याची हळहळ अजून वाटते.

पुढच्या वर्षी तळाच्या तुकड्यात आधी गाळलेलं समुद्राचं पाणी घातलं आणि अंधारात, थंडीत, सावकाश वितळवला. काचपट्टी लावली तर डायटमांच्या फांद्यांमधून इवले कशाभिकाधारी सरसर फिरत होते. ते तिथे आदल्या वर्षीही असणार.